लहानूबाबांची थांबलेली थाळी

गुरुवारी सकाळी साडेनऊला तू गेलास. मी चहा ठेवला होता. नर्सने नाडी पाहिली, मग घड्याळ पाहिलं. मी गॅस बंद केला आणि काशिनाथला फोन लावला.

दादा, तू असतास तर विचारलं असतंस, आधी त्याला का? पुण्याच्या चुलतभावांना दुपारी कळलं, ते अजून धुसफुसताहेत. पण तो फोन तुझ्यासाठी नव्हताच. तुझ्या मरणाची वाट पाहणारा या जगात एकच माणूस होता. त्याला निरोप वेळेवर मिळावा, एवढंच मला त्या क्षणी सुचलं.

तुझ्यावर पेपरांत लेख आले. शोकसभा झाली. बुडते सूर वाचवणारा माणूस, असं सगळे म्हणाले. एका वक्त्याने सांगितलं की सुरगाण्याकडची थाळीवरची कथा तुझ्यामुळेच जगाला ऐकता येते. मी पहिल्या रांगेत बसले होते. तो म्हणाला ते खरं आहे. तुझ्यामुळे ती जगाला ऐकता येते. आणि तुझ्यामुळेच ती ज्या पाड्यांवर म्हटली जायची तिथे तीस वर्षं कुणाला ऐकू आली नाही. शोकसभेत यातलं पहिलंच वाक्य बोलतात. दुसरं मी इथे लिहिते आहे, कारण ते माहीत असलेली तुझ्या माणसांत मी एकटीच उरले आहे.

आधी जे चांगलं होतं ते लिहिते. नाहीतर पुढचं लिहिताना मी ते विसरून जाईन.

वहिनी गेल्यावर मी नाशिकला तुझ्या इंदिरानगरच्या घरी राहायला आले तेव्हा मधल्या खोलीत पलंग नव्हता, कपाटं होती. मी शाळेत ग्रंथपाल. मला कपाटांची भीती नव्हती. रविवारी जेवण झालं की तू मला हाक मारायचास, "सुमे, ये, आज पार्सल आलंय." परदेशातल्या तुझ्यासारख्याच वेड्यांशी तुझी देवाणघेवाण चालायची. तू इकडची भजनं, गोंधळ, लग्नातली गाणी पाठवायचास; ते त्यांच्याकडचं पाठवायचे. इथिओपियातले पुजारी हातातल्या काठ्या डोलवत एकेक अक्षर लांबवत स्तोत्र म्हणायचे. जॉर्जियातले शेतकरी जेवणाच्या टेबलाभोवती बसून तीन वेगळ्या सुरांत एकच गाणं उचलायचे. आणि बर्फातल्या कुठल्याशा वस्तीतल्या त्या दोन बायका. एकमेकींच्या तोंडाजवळ तोंड नेऊन घशातून श्वास काढायच्या, जी आधी हसेल ती हरली. त्या टेपच्या शेवटी एक जण खुदकन हसते. तू ते हसू मला पाच-सहा वेळा मागे नेऊन ऐकवलंस. "हे बघ, हे कुणाला शिकवून येत नाही," म्हणालास. माझं सगळं आयुष्य वाचण्यात गेलेलं. कान असतात हे मला वयाच्या चाळिशीत तू दाखवलंस. यासाठी मी तुझी कायमची ऋणी आहे, आणि पुढे जे लिहिणार आहे त्याने हे ऋण कमी होत नाही.

एकदा उत्तरेकडच्या कुठल्या देशातली, मयतावर रडणाऱ्या बाईची टेप आली होती. बाई सुरात रडते आहे आणि मध्येच एका पुरुषाचा आवाज येतो. पत्र पाठवणाऱ्याने खाली अर्थ लिहिला होता, "जरा जवळ या, ऐकू येत नाही." तू इतका भडकलास! "गाढव आहे. स्वतःचा आवाज टेपवर कशाला?" त्यानंतर मला तू तुझा नियम शिकवलास. रेकॉर्डिंग करणाऱ्याने तिथे नसल्यासारखं असावं.

ही टेप आली ती सुरगाण्याहून आपण परत आल्यावर साधारण वर्षाने. मी ती कपाटात ठेवली. तुझ्या कपाटात तुझा स्वतःचा आवाज होता, आणि ती कॅसेट मीच क्रमांक घालून ठेवली होती.

सुरगाण्याला आपण दिवाळीच्या सुट्टीआधी गेलो होतो. पाड्यावरच्या शाळेतल्या गुरुजींनी तुला कळवलं होतं की इथे लहानूबाबा नावाचे एक म्हातारे आहेत, थाळीवर कथा सांगतात. काशाची थाळी, तिच्या मधोमध मेणाचा गोळा, मेणात उभी केलेली एक बारीक काडी. काडी चिमटीत धरून बोटं वरून खाली ओढली की थाळी घुमते. त्या घुमण्यावर कथा. तुला हे ऐकूनच झोप लागेना. माझ्या खांद्यावर पिशवी देऊन तू मला एसटीत बसवलंस.

सकाळभर तू तिथल्या बायकांची गाणी घेतलीस. कॅसेटची एक बाजू त्यातच भरली. मग लहानूबाबा आले. अंगणात बसले. तुझ्या यंत्राकडे पाहिलंच नाही. पहिला प्रश्न विचारला, "कोन गेलंय?"

"कोणी नाही बाबा. आम्हाला फक्त ऐकायचंय."

"ही ऐकायची नाय. ही पोचवायची हाय."

गुरुजींनी मध्ये पडून समजावलं. ही कथा कुणी मेलं की म्हणतात. मेलेला माणूस घरातून निघतो, त्याचं शेत येतं, झाडं येतात, देव येतात, मग सात ओहोळ. थाळीवाला त्याचा हात धरून त्याला एकेक ओहोळ पार करून देतो. सातव्यापलीकडे तो पोचला की काडी मेणातून काढायची. तुझे डोळे चमकले. ते चमकणं मला पार्सल उघडतानाचं माहीत होतं.

"साहेब नाशिकवरून आलेत बाबा, लांबून," गुरुजी म्हणाले.

"आले असतील. पण नाव कोणाचा घेऊ? बिननावाची थाळी मांडता येत नाय."

तू हसलास. "माझंच घ्या. वसंत. मी काही इतक्यात मरत नाही."

अंगणातले सगळे हसले. लहानूबाबाही हसले. मग थांबून म्हणाले, "साहेब, जित्याचा नाव घेतला तर मधूनच उठायचं नाय बरं. शेवटपोत समोर बसावं लागंल."

"बसतो की!"

हे तुझे शब्द. मी पिशवी मांडीवर घेऊन तुझ्या शेजारी होते. एरवी संध्याकाळी सुरू करतात ते त्यांनी तुझ्या चारच्या एसटीसाठी भर दुपारी सुरू केलं. त्यांच्या मागे त्यांचा मुलगा काशिनाथ बसला, पंचविशीतला, नुकतं लग्न झालेला. बापाच्या प्रत्येक ओळीमागून तो "हां" म्हणून ती ओळ उचलून धरत होता. दादा, तू त्या दिवशी रडलास. तुला वाटलं मी पाहिलं नाही. थाळीवाला तुझं नाव घेऊन तुला तुझ्याच घराचा उंबरा ओलांडायला सांगत होता आणि तू चष्मा काढून डोळे पुसत होतास. तो रडणारा माणूस खोटा होता असं मी आजही म्हणणार नाही.

चौथा ओहोळ झाला. तू कॅसेटकडे पाहिलंस. फीत संपत आली होती. अर्ध्या शब्दात टेप तुटलेली तुला कधीच चालायची नाही. म्हणून तू हात वर केलास आणि म्हणालास, "बस बाबा, पुरे. नमुना मिळाला."

बोटं थांबली. थाळी थोडा वेळ घुमत राहिली. तेही टेपवर आहे.

"पुरे? अजून तीन ओहोळ ऱ्हायलेत."

"पुढच्या खेपेला. दिवाळी झाली की येतोच."

माझ्या पिशवीत कोरी कॅसेट होती. वेष्टण न काढलेली. ती दुसऱ्या दिवशी नाशिकला येणाऱ्या परदेशी पाहुण्याच्या व्याख्यानासाठी ठेवली होती. तुला माहीत होतं, मला माहीत होतं. मी पिशवीच्या तोंडावर हात ठेवून बसले.

लहानूबाबांनी काडी मेणातून काढली नाही. थाळी तशीच उचलून ओसरीच्या कोपऱ्यात ठेवली, वर टोपली पालथी घातली आणि घरातल्यांना म्हणाले, "हिला हात लावू नका कोणी." आपल्याला एसटी मिळाली. तू खिडकीशी बसून म्हणालास, "सुमे, जगात असं दुसरं काही नसेल."

गुरुजींचं पहिलं कार्ड तीन महिन्यांनी आलं. लहानूबाबा विचारतात, केव्हा येता. थाळी तशीच आहे. गावात एक म्हातारी वारली, पण बाबांनी तिची थाळी मांडली नाही. एक उघडी असताना दुसरी मांडता येत नाही असं ते म्हणतात.

मी ते तुला वाचून दाखवलं. तू काय म्हणालास आठवतं? "वा! हे फार महत्त्वाचं आहे. नोंद कर." मी नोंद केली. थाळीवरच्या तुझ्या पुस्तिकेत ती तळटीप आहे: एक थाळी अपूर्ण असताना थाळीवाला दुसरी मांडत नाही. छापलेलं आहे, दादा. कुठल्याशा पाड्यावर एक म्हातारी तशीच ताटकळली आणि तुला तळटीप मिळाली.

दुसऱ्या कार्डात शेजारच्या पाड्यावरची दोन मयतं होती. लोक थाळीसाठी बोलवायला आले आणि हात हलवत परत गेले. तू म्हणालास, "कॉलेजच्या परीक्षा संपू देत." तिसऱ्या कार्डात लिहिलं होतं की बाबा आता स्वतः नाशिकला यायचं म्हणतात, थाळी घेऊन, घरचा पत्ता नीट कळवावा. त्या दिवशी तू बाल्कनीत चहा पीत होतास. कप खाली न ठेवता म्हणालास, "लिही, साहेब परदेशी गेलेत."

मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात. शाईचं पेन घेऊन, मायना घालून, ठसठशीत अक्षरात मी लिहिलं की साहेब परदेशी गेले आहेत आणि केव्हा येतील ते सांगता येत नाही. तू आतून विचारलंस, "बिस्किटं आहेत का गं?"

चौथं कार्ड आलं. बाबांना सांगितलं. ते म्हणाले, समुद्र ओलांडला म्हणजे वेळ लागणारच. थांबतो.

त्यानंतर कार्ड आलं नाही.

मी तुला विचारलं नव्हतं असं नाही. वर्षातून एकदा तरी विचारायचे. आपलं भांडण ठरलेलं होतं. मी म्हणायचे, तू शब्द दिला होतास. तू म्हणायचास, "मी नमुना घ्यायला गेलो होतो, दीक्षा घ्यायला नाही. मी आता तिथे जाऊन बसलो तर त्या समजुतीला मीच खतपाणी घालतो." मी म्हणायचे, त्यांची समजूत त्यांची आहे, शब्द तुझा होता. मग तुझं ठेवणीतलं वाक्य यायचं: "माणूस जाणारच, सुमे. आवाज राहिला पाहिजे."  मी उठून कुकर लावायचे. उत्तर आता सुचतंय. माणूस गेला नव्हता, दादा. सुरगाण्याच्या डोंगरात वीस वर्षं जिवंत बसला होता. गेला होता तो आवाज, आणि तो तू नेला होतास.

का गेला नाहीस? फार वर्षं मला वाटायचं की तू घाबरलास. आपलाच रस्ता शेवटपर्यंत ऐकायचा म्हणजे कुणालाही भीती वाटेल. ते मला परवडत होतं. हल्ली वाटतं की तुला फक्त कंटाळा आला होता. दुसरं पार्सल आलं होतं.

मग ती टेप परदेशातल्या संग्रहात गेली. जगातल्या पवित्र संगीताच्या त्या मालिकेत, तिबेटी मंत्र आणि आफ्रिकेतल्या कुठल्या अंत्यविधीचे ढोल यांच्या मधे. तुझं नाव मोठं झालं. टेपच्या नोंदीच्या कार्डावर तू लिहिलंस: गायक लहानू, साथ अज्ञात, स्थिती अपूर्ण. काशिनाथचं नाव मला माहीत होतं. मी म्हटलं तर म्हणालास, "नंतर घालू." व्याख्यानांत तू सांगू लागलास की हा शेवटचा थाळीवाला होता, यानंतर ही परंपरा लोप पावली. श्रोते चुकचुकायचे. मी मागच्या रांगेतून तुझ्या स्लाइड सरकवायचे.

या वर्षी डॉक्टरांनी तुला स्पष्ट सांगितलं. घरी आल्यावर तू एक दिवस भिंतीकडे तोंड करून होतास. दुसऱ्या दिवशी म्हणालास, "सुमे, ती लहानूची कॅसेट काढ." सगळं संगणकावर चढवलेलं होतं, पण तुला कॅसेटच हवी होती. ऐकलीस. तुझा स्वतःचा आवाज आला तेव्हा डोळे मिटून घेतलेस. मग विचारलंस, "उरलेलं कुणाला येत असेल?"

"कशासाठी?"

"नोंद पुरी करायला."

मी गुरुजींचा नंबर शोधला. निवृत्त होऊन ते आता पेठला मुलाकडे असतात. तुझं नाव सांगितल्यावर त्यांनी ते पुन्हा एकदा विचारलं. मग म्हणाले, "बाई, आता विचारताय?"

लहानूबाबा नऊ वर्षांपूर्वी वारले. मी विचारू नये ते विचारलं, "मग त्यांची थाळी कुणी मांडली?"

"कोण मांडणार? तीच तर उघडी होती ना."

हे मी तुला सांगितलं नाही. आजारी माणसाला सांगू नये म्हणून नव्हे. तू "नोंद कर" म्हणशील या भीतीने.

काशिनाथ कुठे होता माहीत आहे? एकलहऱ्याला. वीज केंद्रात कंत्राटदाराकडे राख उचलायच्या कामावर, बावीस वर्षं. आपल्या घरापासून रिक्षाने अर्धा-पाऊण तास. तू शेवटच्या थाळीवाल्याची स्लाइड दाखवत होतास तेव्हा सगळी थाळी तोंडपाठ असलेला माणूस नाशिकरोडला भाजी घेत होता.

मी गेले. एक खोली, दाराशी तुळस, तिच्या पानांवर राखेचा थर. त्याने मला पाहिलं आणि बायकोला म्हणाला, "ही ती पिशवीवाली बाई."

मी चपला काढत होते. तशीच वाकून राहिले.

"पिशवीत नवी कॅसेट होती तुमच्या," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "कागद चमकत होता. मी मागं बसलो होतो ना, मला दिसत होती. बाला नंतर सांगितलं मी. बा म्हनला, असंल, त्येंच्या कामाची असंल."

त्याच्या बायकोने चहा दिला. मी तो प्यायले. काय करणार होते?

"साहेब जगतेत?"

"आजारी आहे. आता फार दिवस नाहीत."

"म्हंजे होईल आता," काशिनाथ म्हणाला. त्यात राग नव्हता. उशिरा का होईना, गाडी सुटणार हे कळल्यावर माणूस बोलतो तसं बोलला. "तीस वर्सं झाली बाई. बाचे हात बांधले, त्याच्यापायी माझे बी बांधले. तोंडात सगळी हाय. हातात आणायची नाय. आई गेली, तिची मांडता नाय आली. बाची नाय. गावात लोक म्हनायला लागले, यांची थाळी शहरात अडकलीय."

मी त्याला विचारलं, आता आपल्या घरी येऊन तुझ्यासमोर तो ती पुरी करेल का.

"त्येनला घेऊन पाड्यावर येता?"

"त्याला उठवत नाही."

"मग मेल्यावर. तवा कुठं बी चालंल. मेलेल्याला चालत यावं लागत नाय." आणि त्याची बायको तोंडाला पदर लावून हसली, मग तोही हसला. मीही हसले, दादा. तुझ्यावर हसलेलं ते पहिलं हसू.

घरी येऊन तुला सांगितलं. तू म्हणालास, "मेल्यावर? मग मी ऐकणार कसा?" मग छताकडे पाहत राहिलास. मला वाटलं, आता तू काहीतरी बोलशील. लहानूबाबांचं नाव काढशील. तू म्हणालास, "मोठा रेकॉर्डर घे. माइक थाळीपासून हातभर लांब. त्याच्या तोंडासमोर नको. आणि तू मध्ये बोलू नकोस."

दोन दिवसांनी पुन्हा, "सेल नवे घाल."

शेवटच्या आठवड्यात मी तुला सरळ विचारलं, "लहानूबाबांबद्दल काही वाटतं का तुला?" तुझा चेहरा उजळला. खरंच उजळला. म्हणालास, "त्याचा आवाज फार सुंदर आलाय गं." त्यानंतर तू जे बोललास ते औषधांचं आणि पाण्याचं होतं.

दहावं-तेरावं काही करू नये, असं तू लिहून ठेवलं होतंस. मी केलं नाही. काशिनाथने शुक्रवारी खाडा केला, पाड्यावर जाऊन थाळी घेऊन आला आणि रविवारी सकाळी बायकोला घेऊन आपल्या घरी आला. थाळी गोणपाटात गुंडाळलेली. तीच. मेण काळं पडून दगड झालं होतं. काडी अजून उभी होती.

मधल्या खोलीत, कपाटांच्या मधे, त्याने ती मांडली. म्हणाला, "बाने कुठं सोडली ते ऐकवा." मी कॅसेट लावली. काशिनाथ मांडी घालून, मान खाली घालून बसला. बापाचा आवाज आला. मागून एका तरण्या माणसाचं "हां" आलं. त्याची बायको दचकली, "हा तुमी?" त्याने मान हलवली. तिने त्याचा हा आवाज लग्नानंतरच्या पहिल्या काही महिन्यांतच काय तो ऐकला असेल. चौथा ओहोळ संपला. "बस बाबा, पुरे. नमुना मिळाला."

"हा कोन बोलला?" तिने विचारलं.

"ज्याचा नाव हाय तो."

रेकॉर्डर मी लावून ठेवला होता. नवे सेल, माइक थाळीपासून हातभर. काशिनाथने त्याच्याकडे बोट केलं, "हे चालू करनार?"

"त्याने तसं सांगून ठेवलंय."

"तुमी काय सांगता?"

मी रेकॉर्डर उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. तुला वाईट वाटलं असेल. वाटू दे.

उरलेले तीन ओहोळ मी ऐकले. त्यांत काय आहे ते लिहिणार नाही. लिहिलं तर तीही नोंदच. एक सांगते. काशिनाथची बोटं राख उचलून जाड झालेली, सुरुवातीला काडीवरून घसरत होती. सहाव्या ओहोळाला ती बसली. "हां" म्हणायला मागे कुणी नव्हतं म्हणून त्याच्या बायकोने म्हटलं. बायका म्हणत नाहीत. त्या दिवशी म्हटलं.

सातव्या ओहोळाच्या काठावर थाळीवाला मेलेल्याला थांबवतो. हे तुला माहीत नाही, तू तिथवर आलाच नाहीस. तो बसलेल्यांना विचारतो, याच्याकडून कोणाचं काय राहिलंय? ज्याचं राहिलं असेल त्याने ते बोलायचं आणि 'सोडलं' म्हणायचं. मग शेवटचा ओहोळ.

काशिनाथने विचारलं.  थाळी घुमत होती. मग तो स्वतःच बोलला. "माझं ऱ्हायलं. तीस वर्सं हात बांधून होतो. सोडलं." बोटं खाली आली, पुन्हा वर गेली. "बापाचं ऱ्हायलं. ते बाप सांगंल त्येला. मी कोन सोडनारा."

मग त्याने माझ्याकडे पाहिलं.

काय बोलायचं ते मला ठाऊक होतं. याने माझ्या हातून खोटं लिहवून घेतलं आणि मी लिहिलं. एवढंच. पुढे एक शब्द. तोंड उघडलं तर माझी पिशवी आठवली, तुझं ते बिस्किटांचं विचारणं आठवलं, तुझा उजळलेला चेहरा आठवला. थाळी घुमायची थांबेपर्यंत त्याने वाट पाहिली. मी बोलले नाही. त्याने पुन्हा बोटं ओढली आणि तुला पलीकडे नेलं.

काडी त्याने स्वतः काढली. मेण निघेना, तेव्हा सुरीने खरवडलं. थाळी पुसली. "मिटली," म्हणाला, आणि दोन्ही तळहात उघडून त्यांच्याकडे पाहत बसला.

"पण मी म्हटलं नाही," मी म्हणाले.

"तुमचं तुमच्यापाशी. त्याच्यापायी थाळी अडत नाय. कधी बी म्हना, घरात बसून म्हना." तो गोणपाट गुंडाळत होता. "आयकनारा तर गेला."

दारात त्याने सांगितलं की पुढच्या रविवारी पाड्यावर बापाची थाळी मांडणार. मी विचारलं, मी येऊ का?

"नको बाई. तिथं तुमचं काय काम नाय."

मी कॅसेट पुढे केली. ती त्याने घेतली.

काल गुरुजींचा फोन आला होता. लहानूबाबांची थाळी झाली. दुपारी सुरू केली नाही, वेळेवर केली. शेजारच्या पाड्यांवरूनही माणसं आली होती. पुढच्या आठवड्यात काशिनाथला आणखी एका घरी बोलावणं आहे.

तुझी कपाटं एका संस्थेला हवी आहेत, मी होकार दिला आहे. तुझे शेवटचे तीन ओहोळ कुठल्याही टेपवर नाहीत. मी अजून 'सोडलं' म्हटलेलं नाही.